न ठरलेल्या लग्नाचा आहेर

४ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार मोठ्यांना लिहायचा असतो आणि घराण्यात आता मोठी म्हणून तूच उरलीस, तेव्हा सगळाच्या सगळा तुला. फोनच केला असता, पण हॉस्पिटलच्या धुलाईयंत्रांशेजारी इतकी वर्षं काढून तुझे कान असे झालेत की तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं अर्धं मनाने भरतेस. म्हणून पत्र.

कालची मुलाखतही गेली. "अनुभव?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही ठेवून घेतलंत तर येईल." साहेब हसले, शेजारच्या बाई हसल्या, आणि मी बाहेर. दीड वर्ष हेच चाललंय. कृत्रिम पाय बनवायला शिकले, पहिल्या वर्गात पास झाले, आणि परीक्षेतली माणसं सोडली तर माझ्या हातचा पाय घालून कुणी चार पावलं चाललेलं मी पाहिलेलं नाही. कधीकधी वाटतं, शिकलेलं हातातून निघून चाललंय.

आता नीट वाच. परदेशात एका संस्थेचं शिबिर आहे, तीन महिन्यांचं. रोज माणसं येतात, मापं घ्यायची, साचे करायचे, पाय बसवायचे, तेही मुरलेल्या लोकांच्या हाताखाली. पगार नाही. तिकीट आणि राहण्या-खाण्याचा खर्च आपला. तिथून आलेल्यांना नोकरीत "अनुभव?" असं कुणी विचारत नाही. माझी निवड झालीय, आत्या! पैसे एप्रिल संपायच्या आत भरायचे. स्कूटर विकली, शिकवण्या घेते, शनिवार-रविवार चौकातल्या चपलांच्या दुकानात लोकांच्या पायात चपला चढवते. तरी निम्मेच जमलेत.

बाबांचं तुला ठाऊकच आहे. "पैसे भरून फुकट राबायला जायचं? मग माझ्याबरोबर चल, लिफ्टचे खड्डे साफ कर, तिकीट लागणार नाही." हा त्यांचा विनोद. परवा फोनवर कुणाला तरी हळूच सांगत होते, "मुलीचं बघायला लागायचंय आता." मी ऐकलं आणि दार आपटलं. आई असती तर तिने दोघांनाही झापलं असतं.

तुमच्या हॉस्पिटलच्या शिवणखोलीत दर महिन्याला कुणासाठी ना कुणासाठी वर्गणीची पिशवी फिरते ना? या खेपेला माझ्यासाठी फिरव. सोबत संस्थेचं माहितीपत्रक आहे, ते वाचून दाखव. मला लपवाछपवी नकोय, सगळं खरंखरं सांग.

तुझी
ढमी


१६ मार्च

अगं ढमे,

पैसे पाठवलेत, बँकेत बघ. आधी बस, मग बघ. मीही मोजून उडालेच! आमच्या मोठ्या बाई, ज्या कापडाचा तुकडासुद्धा विचारल्याशिवाय देत नाहीत, त्यांनी सगळ्यांत जास्त टाकले. इस्त्रीवाल्याने टाकले. आस्थापना विभागातली कारकून बाई डब्याला आमच्यात बसते, तिनेही टाकले. सगळ्यांनी हौसेने दिले बघ.

काय सांगितलंस, कसं सांगितलंस, ते विचारू नकोस. पिशवी फिरवायची आमची आपली एक रीत आहे, ती तुला कळायची नाही. तू पैसे भर आणि मोकळी हो.

सोबतच्या पुडक्यात मोठ्या बाईंनी शिवलेले दोन उशीचे अभ्रे आहेत. कोपऱ्यावर त्यांनी स्वतः फुलं भरलीत, चष्मा बदलायला झालाय तरी. वापर. दोनच का, असलं काही विचारत बसू नकोस. उशा काय माणसाला दोन लागत नाहीत?

तुझ्या बापाला म्हणावं, गुडघे दुखत असतील तर जिने चढणं बंद कर. लिफ्टवाला आणि जिने चढतो! मी त्याला लहानाचा मोठा केला, पण अक्कल द्यायची राहून गेली.

तुझी
आत्या


२९ मार्च

प्रिय आत्या,

तू माणूस आहेस की काय आहेस! मी रडले, खरं सांगते. दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की जा. नुसतं म्हणालं नाही, खिशात हात घालून म्हणालं. मला वाटायचं, हे फुकट काम करायला जाणं आपल्या लोकांना कळायचंच नाही. तुमच्या खोलीतल्या बायकांना कळलं आणि माझ्या बापाला कळलं नाही. अभ्रे इतके सुंदर आहेत की वापरवत नाहीत.

सोबत सगळ्यांसाठी आभाराचं पत्र आहे. डब्याच्या वेळी मोठ्याने वाचून दाखव.

आणि आता दुसरी गोष्ट. खुर्ची घट्ट धर. तुमच्याच हॉस्पिटलात कृत्रिम पायांचा विभाग सुरू होतोय, एक जागा निघालीय. मी अर्ज केला, त्यांचं बोलावणं आलंय, आठ एप्रिलला. कायमची नोकरी, आत्या! पगार, रजा, सगळं. ही मिळाली तर शिबिराला जायची गरजच नाही, मी सगळ्यांचे पैसे परत करीन आणि तुझ्या शेजारी बसून डबा खाईन. तू कुणाला काही सांगू नकोस हं. ओळखीने लागली असं मला कुणी म्हणायला नको.

तुझी
ढमी


२ एप्रिल

ढमे,

इथे कशाला येतेस? अगं, तो विभाग नावालाच. भिंतींना ओल आहे, वरचे साहेब खडूस आहेत, दोन वर्षांत गाशा गुंडाळतील. तुझं शिबिर ठरलंय ना? मग तिकडेच जा की. एका वेळी दोन ठिकाणी जीव टाकू नये.

यायचंच असेल तर मुलाखत देऊन सरळ परत जा. शिवणखोलीकडे येऊ नकोस, आमच्याकडे सध्या तपासणी चालू आहे, बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. मीच संध्याकाळी बसच्या थांब्यावर येऊन भेटेन.

आभाराचं पत्र पोचलं. वेळ मिळाला की वाचते सगळ्यांना.

आत्या


१४ एप्रिल

आत्या,

हे पत्र मैत्रिणीच्या खोलीवरून लिहितेय. आता इथेच राहते. का ते सांगते.

मुलाखत इतकी छान झाली होती की तुला थांब्यावर भेटले तेव्हा मला बोलताच येईना, आठवतंय? त्यांनी नुसतं विचारलं नाही, काम करून दाखवायला लावलं. एक आजोबा बसवले होते, पाय घातला की कंबर दुखायची. मी त्यांना चालवलं, पाय थोडा लांब होता तो कमी केला, पुन्हा चालवलं. ते म्हणाले, "ही पोरगी ठेवा." साहेबांच्या समोर म्हणाले! साहेबही म्हणाले, अनुभवाचं आम्ही बघून घेऊ.

काल त्यांचा फोन आला. "तुमचं काम उत्तम आहे, पण तुमचं लग्न ठरलंय आणि तुम्ही परदेशी जाऊन राहणार आहात असं कळलं. तीन महिन्यांत जागा सोडणार असाल तर आम्ही माणूस शिकवून काय उपयोग?" मी म्हटलं, कुणाचं लग्न? ते म्हणाले, "आमच्या कार्यालयात सगळ्यांना माहीत आहे. अभिनंदन." आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला तर शिपायाने उचलला.

कुणी सांगितलं असेल? विचार करायलाच नको. बाबा! गेले दोन महिने ज्याला त्याला सांगत सुटलेत, मुलीचं बघायचंय म्हणून. त्यांच्या लिफ्टच्या कामाने ते शंभर कचेऱ्यांत जातात, तिथल्या कुणाच्या तरी तोंडून तिकडे पोचलं असणार. मी त्यांना समोर उभं करून विचारलं. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत, खाली बघत पाना पुसत बसले. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुम्हाला मी आयुष्यात काही करायलाच नको आहे. आई गेली तेव्हा तुम्ही जायला हवं होतं." हो, हे बोलले मी. आणि पिशवी भरून निघाले. त्यांनी दारसुद्धा अडवलं नाही.

शिपाई म्हणाला, जागा अजून भरलेली नाही. पण साहेब माझं ऐकून घेत नाहीत. मी काय करू ते सांग.

ढमी


१९ एप्रिल

ढमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बापाला असं बोलू नये गं. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना वर पोचवलं, स्वतः खालीच राहिला. चूक कुणाचीही असू शकते, माणूस बोलून जातो, मग शब्द मागे घेता येत नाही. तू घरी जा. त्याचंच काम असेल असं कशावरून?

जागेचं जाऊ दे. नशिबात असेल तर दुसरी मिळेल. तीस तारखेच्या आत शिबिराचे पैसे भर, ते काही कुणी अडवलेलं नाही. मैत्रिणीकडे फुकट राहू नकोस, थोडे पैसे पाठवलेत.

मला बरं नाही म्हणून थोडक्यात लिहिलं.

आत्या


२१ एप्रिल

ताई,

मला पत्र लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. चुकलं तर समजून घे.

मार्चमध्ये तुमच्या मोठ्या बाईंचा मला फोन आला होता. तू मागच्या वर्षी जिन्यात पडलीस तेव्हा त्यांनी माझा नंबर घेतला होता. म्हणाल्या, "अभिनंदन, भाचीबाईंचं परदेशात जमलं म्हणे, तारीख कळवा." मी क्षणभर गांगरलो. मग मला कळलं, तू पिशवी कशी भरलीस ते. तू तोंडघशी पडू नयेस म्हणून मी म्हटलं, हो हो, कळवतो.

पोरीने विचारलं तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तुझ्यावर तिचा जीव आहे. आई गेल्यावर तिने तुझ्याच कुशीत तोंड खुपसलं होतं, माझ्या नाही. तिला कळलं असतं तर तुमचं तुटलं असतं. माझ्यावर ती तशीही रागावलेलीच असते, त्यात थोडी भर.

पण ताई, आठ दिवस घर खायला उठलंय. ती जे बोलली ते कानातून जात नाही. मी तुला सांग म्हणत नाही, तू मला वाढवलंस. नुसतं कळवलं.

तुझा
धाकटा


२८ एप्रिल

ढमे,

तुझ्या बापाने काही केलेलं नाही. मी केलं. आता शेवटपर्यंत वाच, मग पत्र फाड नाहीतर जाळ.

मी आधी खरंच सांगितलं होतं गं. डब्याच्या वेळी तुझं माहितीपत्रक वाचून दाखवलं, चांगलं मोठ्याने. सगळ्या ऐकत होत्या. मग कुणीतरी म्हणालं, "पगार किती?" मी म्हटलं, पगार नाही. "मग तिकीट कोण देतं?" मी म्हटलं, आपणच. झालं! एकच हशा. इस्त्रीवाला म्हणाला, "म्हणजे नोकरी मिळेना म्हणून फिरायला चालली, आणि खर्च आपला." मोठ्या बाई म्हणाल्या, पिशवी लग्नाला फिरते, मयताला फिरते, आजारपणाला फिरते, हौसेला फिरत नाही. माझ्या अंगाची लाही झाली. आमची पोर रिकामटेकडी नाही हे त्यांना कसं दाखवू, तेच कळेना. आणि तोंडातून गेलं, "अहो, तिचं लग्न ठरलंय तिकडे. हे शिबिर आपलं निमित्त, आधी जाऊन राहून बघणार." सगळ्यांचे चेहरे असे उजळले म्हणून सांगू! पिशवी एका फेरीत भरली. कारकून बाई तिथेच होती. तुझा अर्ज तिच्याच टेबलावर आला, आडनाव माझंच, तिने ओळखलं. पुढचं तुला ठाऊक आहे.

खोटं बोलताना मला वाटलं होतं, कुणाचं काय बिघडतंय? तू तीन महिन्यांनी आलीस की सांगेन, मोडलं म्हणून. लग्नं काय मोडत नाहीत? तू याच हॉस्पिटलात अर्ज करशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तुझं चौदा तारखेचं पत्र आलं तेव्हाच मला उठून साहेबांकडे जायला हवं होतं. तू लिहिलं होतंस, जागा अजून भरलेली नाही. मी वाचलं ते. पण खोलीत सगळ्यांसमोर काय तोंड दाखवू या भीतीने मी मूग गिळून बसले, आणि तुला ते नशिबाचं पत्र लिहिलं. मग तुझ्या बापाचं पत्र आलं. त्याला मार्चपासून माहीत होतं, ढमे. मला वाचवायला तो गप्प बसला आणि तुझे बोल खाल्ले.

शुक्रवारी गेले मी साहेबांकडे. काहीच न लपवता सांगितलं. ते खडूस नाहीत, मी तुला थाप मारली होती. सगळं ऐकून ते म्हणाले, "बाई, जागा मंगळवारी भरली. तुम्ही सोमवारी आला असतात तर." मग म्हणाले, "स्वतःचे पैसे घालून काम शिकायला जाणारी मुलगी. हे सांगायची तुम्हाला लाज वाटली?" मी म्हटलं, हो, वाटली.

खोलीतही सांगितलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या यंत्राशेजारचं यंत्र आता रिकामं असतं आणि डबा मी खिडकीशी एकटी खाते. मोठ्या बाई म्हणाल्या, पैसे राहू देत, आमचे अभ्रे तेवढे परत आणून दे.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही मला. पैसे परत करायचे नाहीत असं त्या म्हणताहेत, तेव्हा तू भर आणि शिबिराला जा. निदान तेवढं तरी होऊ दे.

आत्या


६ मे

आत्या,

पत्र फाडलं नाही. घडी घालून जवळ ठेवलंय.

शिबिराचे पैसे मी भरले नाहीत. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली, तसं त्यांचं पत्र आलंय. पुढची तुकडी हिवाळ्यात जाते, तिच्यात मी नाव दिलंय. शिवणखोलीचे सगळे पैसे तुझ्या खात्यात परत टाकलेत, अभ्रे धुऊन इस्त्री करून या पुडक्यात आहेत. पैसे राहू देत असं त्या म्हणत असतील, पण ते त्यांनी ज्या मुलीला दिले ती मी नाही. तू त्यांच्यापुढे माझी बाजू घ्यायला उठलीस हे मला कळतं. पण उठून बाजू घेतलीस ती दुसऱ्याच मुलीची. जिचं लग्न ठरलंय, जिचं सगळं छान चाललंय, जिच्याबद्दल सांगताना तुझी मान वर राहते, तिची. मला नोकरी नाही, पैसे नाहीत, पण मला जे करायचंय त्याची मला लाज वाटत नव्हती. तुला वाटली. बाबांना वाटली असती तर मी समजू शकले असते. तुझ्याकडून ते फार लागलं.

आणि तो सोमवार. त्याच्याबद्दल मी आज काही लिहू शकत नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी घरी गेले. बाबा कामावरून आले, मला पाहिलं आणि बूट काढत बसले. मी म्हटलं, "तुम्ही का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "सांगून काय झालं असतं?" मी म्हटलं, आईबद्दल बोलले ते... ते म्हणाले, "ते राहू दे." त्यांनी बूट दाराशी नेऊन ठेवले. मग त्यांनी विचारलं, "तिथे नेमकं काय करतात? म्हणजे, पाय कसा करतात?" आत्या, चार वर्षं शिकले आणि दीड वर्ष घरी बसले, त्यांनी हे त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. कदाचित मीच कधी सांगितलं नसेल, नुसती भांडत आले असेन.

मी त्यांना पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लावली. कपाटातून प्लास्टरच्या पट्ट्यांचा शेवटचा गुंडाळा काढला, तव्याएवढ्या परातीत पाणी घेतलं. पायावर मोजा चढवला आणि एकेक पट्टी भिजवून गुंडाळत गेले, कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, ते बोलत बोलत. गुडघ्याची वाटी, नडगीचं हाड, पोटरी. त्यांची पोटरी किती बारीक झालीय, मला माहीतच नव्हतं. प्लास्टर सुकेपर्यंत हलायचं नाही म्हटलं, तर श्वाससुद्धा जपून घेत होते.

"गरम होतंय गं," ते म्हणाले.

"होतंच. घट्ट व्हायला लागलं की गरम होतं. सोसवत नाही का?"

"सोसवतंय. तू कर तुझं काम," बाबा म्हणाले. मग पाय तसाच ताठ धरून त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं, "आता पुढे काय करायचं?"

ढमी